अर्ज करायला लाज कसली?

डिफॉल्टर लिस्ट म्हटलं की डोळ्यांसमोर कोण येतं? कॅन्टीनमध्ये मुक्काम ठोकणारी मंडळी. माझंही हेच मत होतं. सेकंड इयर बीएमएमला त्या लिस्टवर माझं नाव झळकलं तोपर्यंत! हवी होती ७५ टक्के अटेन्डन्स, माझी भरली ४८. टर्म ग्रँट झाली नाही तर परीक्षा नाही. म्हणजे वर्ष गेलं आणि फीसुद्धा.

बंक वगैरे काही नव्हतं हो. बाबांना पॅरालिसिसचा अटॅक आला होता. आईची नोकरी सुटली असती तर घर चालणं मुश्कील. म्हणून दिवसा हॉस्पिटलात मी, रात्री आई. दोन महिने आमची हीच शिफ्ट ड्युटी.

अर्ज लिहायला बसले तेव्हा मात्र पेन चालेना. ‘घरगुती अडचणीमुळे’ या दोन शब्दांत बाबांचं वाकडं झालेलं तोंड कसं मावणार? शेवटी चार ओळी खरडल्या, मेडिकल सर्टिफिकेट जोडलं आणि कमिटीसमोर उभी राहिले. पहिलाच प्रश्न आला, ‘‘आजारी वडील होते ना? मग गैरहजर तू का?’’

राग आला, डोळेही भरले. पण तांत्रिकदृष्ट्या प्रश्न चुकीचा नव्हता. सर्टिफिकेट बाबांचा आजार सांगत होतं, माझी गैरहजेरी नाही. दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज कार्ड, माझ्या नावाचा अटेंडंट पास आणि आईच्या ऑफिसकडून तिच्या कामाच्या वेळांचं पत्र नेलं. तारखांना तारखा जुळल्या. अर्ज मंजूर! एक एटीकेटी लागली, पण वर्ष वाचलं.

गेल्या वर्षी आजी गेली, तेव्हा सिडनीहून मावसबहिणीचा फोन आला. परवावर फायनल आणि हिचं रडू थांबेना. म्हणाली, ‘‘ताई, कशीबशी देऊन टाकते. सहानुभूती मागायला नको वाटतं गं.’’ मी म्हटलं, आधी नियम वाच. तिच्या युनिव्हर्सिटी ऑफ न्यू साउथ वेल्समध्ये ‘स्पेशल कन्सिडरेशन’चा ऑनलाइन अर्ज असतो. परीक्षेआधी किंवा नंतर तीन कामाच्या दिवसांत तो भरायचा, सोबत पुरावा. आणि तिथे ‘फिट टू सिट’ नावाची भानगड आहे. पेपरला बसलात, म्हणजे मी ठणठणीत आहे असं तुम्हीच जाहीर केलंत! अर्ज मंजूर झाला तरी कुणी मार्क वाढवून देत नाही. पेपर पुन्हा द्यायची संधी मिळते, बस्स. तिनं अर्ज केला, नंतर पेपर दिला.

आपल्याकडेही गाडी हळूहळू सरकतेय. डिसेंबर २०२१ मध्ये यूजीसीने विद्यार्थिनींना बाळंतपणाची रजा आणि हजेरीत सवलत देणारे नियम करा, असं विद्यापीठांना कळवलं. जानेवारी २०२३ मध्ये केरळ सरकारने मासिक पाळीचा विचार करून तिथल्या सरकारी विद्यापीठांत मुलींसाठी ७५ टक्क्यांची अट ७३ वर आणली.

तुमच्यापैकी कुणी नोकरी सांभाळून पार्टटाइम एमबीए करत असेल, कुणाचं धाकटं भावंडं कॉलेजात असेल. घरावर संकट आलं की माणूस आधी औषधांच्या मागे धावतो, ते बरोबरच आहे. फक्त जाता जाता तारीख असलेला प्रत्येक कागद एका फाइलमध्ये टाकत चला. सवलत ही कुणाची मेहेरबानी नाही, नियमातच तिची जागा आहे. ती मागणारा रडका ठरत नाही.