एक पिस्तूल, दोन गोळ्या

एन.सी.सी.च्या कॅडेटांत एक वाद कधी मिटत नाही : पिस्तुलाची गोळी मोठी बरी की लहान? वास्तविक आमच्या हाती आजवर आली ती पॉइंट टू-टूची रायफल. पण सैन्यात अधिकारी व्हायचे ज्यांनी मनात घेतले आहे, त्यांना उद्याच्या पिस्तुलाची काळजी आजच! मीही त्यांतलाच. म्हणून हा वाद एकदा मुळापासून पाहावा असे ठरवले, आणि वाचता वाचता एका विलक्षण पिस्तुलाशी गाठ पडली.

ते म्हणजे जॉर्ज लुगर याने जर्मनीत सिद्ध केलेले पॅराबेलम. १९०० साली स्वित्झर्लंडच्या सैन्याने ते स्वीकारले, तेव्हा त्याचे कॅलिबर ७.६५ मिलिमीटर होते. काडतुसाची पुंगळी बाटलीसारखी, मानेत आखडलेली. पुढे मोठ्या गोळीची मागणी होऊ लागली. तेव्हा १९०२ च्या सुमारास लुगरने त्या पुंगळीची मान मोकळी केली आणि तीत ९ मिलिमीटरची गोळी बसवली. पुंगळीचे बूड तेच राहिले; त्यामुळे पिस्तुलात मुख्यतः नळी तेवढी बदलावी लागली. मॅगझिनमध्ये काडतुसे पूर्वीइतकीच, आठ. जर्मन आरमाराने १९०४ साली आणि भूदलाने १९०८ साली ही मोठी गोळी घेतली. स्विस सैन्य मात्र लहान गोळीवरच राहिले.

फरक केवढा, तर १.३५ मिलिमीटर! लहान गोळी सुमारे ६ ग्रॅमची, मोठी ८ ग्रॅमची. लहान हलकी, वेगवान आणि हाताला कमी धक्का देणारी. मोठी जड आणि रुंद जखम करणारी. सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या मामांपुढे मी हा सारा हिशेब मांडला. वाटले, ते एका शब्दात निकाल देतील. ते म्हणाले, “अरे, पिस्तूल कशाला पाहिजे ते आधी सांग. गोळीचं मग बघू.”

मामांचे म्हणणे किती खरे आहे ते पुढच्या वाचनात उमगले. फिलिपाइन्सच्या लढायांत .३८ च्या रिव्हॉल्व्हरने चालून येणारा माणूस थांबत नाही, अशी अमेरिकन सैनिकांची तक्रार होती. म्हणून १९०४ साली थॉमसन व लागार्ड या दोन अधिकाऱ्यांनी शिकागोत प्रयोग केले. मानवी प्रेतांवर आणि कसाईखान्यातल्या जिवंत गुरांवर वेगवेगळ्या गोळ्या झाडून त्यांनी परिणाम टिपून घेतले. लुगरच्या दोन्ही गोळ्या तेथे होत्या आणि दोन्ही अपुऱ्या ठरल्या. निदान .४५ इंच हवे, असा निर्वाळा मिळाला. १९११ साली त्या मापाचे कोल्ट पिस्तूल सैन्यात आले. आणि १९८५ साली? त्याच अमेरिकेने ९ मिलिमीटरचे बेरेटा घेतले! नाटोतील मित्रराष्ट्रांचे काडतूस तेच होते, आणि मॅगझिनमध्ये सातांऐवजी पंधरा मावत होती. स्विस सैन्यही १९४९ साली नव्या पिस्तुलाबरोबर नऊवर आले होते. गोळीचे माप तेच. विचारणाऱ्यांचा प्रश्न बदलला होता.

माझे मन मात्र अजून त्या शिकागोच्या गुरांपाशी घोटाळते. आमच्या वादात ‘परिणाम’ हा शब्द किती सहज येतो! नळीच्या मागच्या बाजूचे सारे आम्ही बोलतो : धक्का, नेम, वजन. पुढच्या बाजूला कोणी उभा आहे, हे मिलिमीटरांत मोजता मोजता विसरायला होते. कॅलिबर निवडणे म्हणजे त्या अनोळखी माणसाचे काय व्हावे हे आधीच ठरवून ठेवणे होय.

मला कोणी विचारलेच, तर मी ९ मिलिमीटर म्हणेन. धक्का सोसण्याजोगा आहे, काडतूस सर्वत्र प्रचलित आहे आणि आपल्या सैन्याच्याही ते परिचयाचे आहे. परंतु खरे सांगायचे तर सैन्यात अधिकाऱ्याला हे विचारीत कोणी नाही. पिस्तूल सरकार देते, गोळीही सरकारच ठरवते. त्याच्यापुढे प्रश्न उरतो तो एकच : झाडावी की न झाडावी? आणि तिथे मदतीला ना लुगर येत, ना मामा.