अंजनेरीची दुकाने

नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे जाणारा रस्ता अर्ध्याहून अधिक सरला, की डावीकडे एक रुंद, सपाट माथ्याचा डोंगर समोर येऊन उभा राहतो. त्याच्या पायथ्याचे गाव ते अंजनेरी. शहरापासून अंतर जेमतेम वीस किलोमीटर. हनुमंताचे हे जन्मस्थान, अशी श्रद्धा असल्याने बहुतेक प्रवासी थेट गडाच्या वाटेला लागतात आणि खालच्या गावाकडे पाठ फिरवितात. वास्तविक जैन कुटुंबांनी थांबावे असे जे आहे, ते खालीच आहे.

चातुर्मास संपून थंडी पडू लागली होती. अशाच एका सुटीच्या दिवशी नाशिकमधील किराणा व्यापाऱ्याचे एक कुटुंब सकाळी लवकर येथे आले. सत्तरी ओलांडलेले आजोबा, त्यांचा मुलगा व सून आणि वाणिज्य शाखेत शिकणारी नात. बरोबर खाकरे, मेथीची थेपली आणि उकळलेले पाणी. (गडाच्या पायथ्याशी चहा-वड्याची दुकाने आहेत, पण जेथे बटाट्यावाचून पान हलत नाही, तेथे घरचा डबा बरा.)

भाताची कापणी उरकली होती. खाचरांत नुसती खुंटे उभी होती, आणि त्या उघड्या शेतांमुळे देवळे दुरूनही स्पष्ट दिसत होती. अंजनेरीच्या संरक्षित समूहात सोळा मंदिरे मोजली जातात. काही विष्णूची व शिवाची, उरलेली बहुतेक जैन. मंदिरे आकाराने लहान, पण कारागिरी नाजूक. कोठे शिखर ढासळले आहे, कोठे केवळ जोते उरले आहे. कोठे द्वारशाखेवरची जिनमूर्ती झिजून नाक-डोळे हरपले आहेत, तरी पद्मासनाची बैठक ढळलेली नाही. घंटा नाही, पूजेचे ताट नाही, पाटीवर देणगीदारांची नावे नाहीत. सुनेने सवयीने चपला बाहेर काढल्या आणि आत जाऊन रिकाम्या गाभाऱ्यासमोर नवकार म्हटला. भग्न वास्तूपुढे काय म्हणावे हे कोणी शिकवीत नाही. तिने घरी म्हणतो तेच म्हटले.

यांपैकी एका जैन मंदिरात शके १०६३ चा, म्हणजे बाराव्या शतकाच्या मध्याचा, संस्कृत शिलालेख आहे. काळ देवगिरीच्या यादवांच्या पूर्वजांचा, राजा सेऊणदेव. लेखाचा विषय मात्र लढाई नाही की विजय नाही. आठवे तीर्थंकर चंद्रप्रभ यांच्या मंदिराला काही दुकानांचे उत्पन्न लावून दिल्याची ती नोंद आहे. जुन्या नाशिक गॅझेटियरात हे दान राजाच्या वाणी मंत्र्याचे म्हणून सांगितले आहे. राजाने गाव द्यावे, सरदाराने जमीन द्यावी. वाण्याने दुकान दिले. स्वतःजवळ जे खरे होते, तेच त्याने दिले.

आज जेथे नांगरट आहे, तेथे त्या काळी बाजारपेठ होती, हे त्या दगडावरून उमगते. नाशिक-त्र्यंबकच्या वाटेवर, घाटाखालच्या कोकणातून वर येणाऱ्या मालाच्या टप्प्यात हे ठिकाण येते. येथेच सापडलेल्या ताम्रपटांत तर व्यापाऱ्यांची आणखी जुनी हकिकत आहे. ते इसवी सन ७१० च्या सुमाराचे, हरिश्चंद्र वंशातील भोगशक्तीचे. ओसाड पडलेले समगिरीपट्टण नावाचे नगर पुन्हा वसविताना या राजाने तेथील श्रेष्ठींना सवलती दिल्या : जकात माफ, निपुत्रिक मरणाऱ्याचे धन राजाकडे जमा होणार नाही, राजपुरुषांच्या मुक्कामाचा व जेवणाचा भार नगरावर पडणार नाही. काही अपराधांचा निवाडा आठ किंवा सोळा वडीलधाऱ्यांनी विचार करून सांगावा, असेही त्यांत आहे. उजाड नगरात माणसे परत आणायची, तर आधी व्यापाऱ्याची भीती घालवावी लागते, हे त्या राजाला कळत होते. याच पटांत ‘कृष्णराज रूपक’ या नाण्याचा उल्लेख येतो. अंजनेरीतच परमेश्वरीलाल गुप्त यांच्यासारख्या नाणेशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने उभी राहिलेली नाणेशास्त्राची संशोधनसंस्था व तिचे संग्रहालय असावे, हा योग मोठा मौजेचा आहे.

नातीने शिलालेखाचा विषय ऐकून घेतला आणि विचारले, “आजोबा, ती दुकाने आता कोठे आहेत?”

आजोबांनी काठीने शेताकडे बोट केल्यासारखे केले. उत्तर दिले नाही.

त्या प्रश्नाला घरचा संदर्भ होता. त्यांच्या पेठेत दोन गाळे. थोरल्या पणजोबांनी त्यांतील एकाचे भाडे मंदिराच्या केसर-दिव्याच्या खर्चाला लावून दिले होते, आणि तीन पिढ्या ते दर महिन्याला पोचत होते. आता पेठेत मालाची गाडी शिरत नाही, गिऱ्हाईक घरबसल्या माल मागविते. मुलाच्या मते दोन्ही गाळे विकून शहराबाहेर गोदाम घेणे हाच शहाणपणा. मंदिराचे काय, तर तेवढी रक्कम बँकेत कायम ठेव म्हणून ठेवावी, व्याज मंदिराला जावे. आजोबा गेले दोन महिने यावर हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते.

डोंगराकडे जाताना मुलाने तोच विषय पुन्हा काढला. “बाबा, ठेव ठेवणे काही नवे नाही. आपल्या पांडवलेण्यांतच आहे. उषवदाताने तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले होते. दोन हजार शेकडा एक दराने, एक हजार पाऊण दराने. व्याज भिक्षूंना, मुद्दलाला हात नाही.”

“ठाऊक आहे,” आजोबा म्हणाले. “त्या श्रेणी तरी आता कोठे आहेत रे?”

सून हसली. मुलगाही हसला, पण थोडा उशिरा.

गडाच्या वाटेवर कातळात एक छोटी जैन गुंफा लागते. आजोबा तेथवर चढले आणि पायरीवर बसले. वरचे पठार, तळे व अंजनीमातेचे मंदिर मुलगा आणि नात पाहून आली. पठारावर पावसाळ्यात फुलणारी एक कंदिलपुष्पाची जात या डोंगराच्या नावाने ओळखली जाते, सेरोपेजिया अंजनेरिका. या दिवसांत तिचा मागमूस नव्हता.

उतरताना नातीने आजोबांना पाणी दिले व ती म्हणाली, “दुकान नाही उरले, ठेव नाही उरली, पण कोणी दिले ते अजून वाचता येते ना?”

“नाव वाचता येते,” आजोबा म्हणाले, “दिवा लागत नाही.”

सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे म्हणून रस्त्याकडेच्या आंब्याखाली डबे उघडले. पश्चिमेला त्र्यंबकचा डोंगर काळसर होत होता. चौविहाराचे पच्चक्खाण घेऊन मंडळी गाडीत बसली. नाशिकच्या हद्दीत शिरताच आजोबांनी मुलाला गाडी पेठेतून घ्यायला सांगितली. एवढ्या गर्दीत कशाला, असे मुलगा म्हणाला नाही. गाळ्याचे शटर अर्धे खाली आले होते. आत भाडेकरू दिवसाची रोकड मोजीत बसला होता. गाडी थांबली नाही, फक्त हळू झाली.