कोणत्या वर्षीची मटिल्डा?

पुणे,
आषाढातला एक कोंदट रविवार

चि. मृणाल हिस,


तुझं पत्र आणि खोक्याचा फोटो, दोन्ही पोचले. तामिया कंपनीचं मटिल्डा रणगाड्याचं १:३५ मापातलं किट घेतलंस, बरं केलंस. पहिल्यांदाच ब्रिटिश रणगाडा करणाऱ्यानं याहून सोपं आणि याहून देखणं काही घेऊ नये. पत्राच्या शेवटी तू विचारलंयस, "मामा, पट्ट्यांसाठी निळा कुठला घेऊ?" कुठलाच घेऊ नकोस. पण एवढ्यावर सोडलं तर तू मला हेकट म्हणशील (तुझी आई म्हणतेच), म्हणून सविस्तर लिहितो.

१९४० साली इजिप्तमधल्या ब्रिटिश फौजेनं वाळवंटातल्या गाड्यांसाठी एक रंगयोजना काढली. ब्रिगेडियर कॉन्टर यांच्या नावानं ती ओळखली जाते. सरळ रेषांचे, कडक कडांचे तिरके पट्टे आणि रंग तीन: तळाला फिकट वाळूचा, त्यावर 'सिल्व्हर ग्रे' आणि 'स्लेट'. उन्हाच्या भपक्यात गाडीचा आकार फुटावा, दुरून पाहणाऱ्याला पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली ते कळू नये, हा हेतू. प्रत्येक जातीच्या गाडीसाठी पट्ट्यांचं आरेखन वेगळं होतं. १९४१ सरता सरता ही योजना मागे पडली.

आता यात निळा आला कुठून? लढाईतले फोटो बहुतेक कृष्णधवल. युद्धानंतर इंग्लंडमधल्या संग्रहालयातली मटिल्डा रंगवली गेली ती चक्क आकाशी निळ्या पट्ट्यांनी. तिचे रंगीत फोटो छापले गेले, फोटोंवरून पुस्तकांतली चित्रं झाली, चित्रांवरून खोक्यांची झाकणं झाली आणि झाकणांवरून जगभरच्या पोरांनी आपापले रणगाडे निळे केले. माइक स्टार्मर या अभ्यासकानं ब्रिटिश लष्कराचे रंगविषयक आदेश आणि त्या काळची प्रमाणित रंगपत्रकं काढून ताडून पाहिली, तेव्हा 'सिल्व्हर ग्रे' हा हिरवट झाक असलेला करडा निघाला आणि 'स्लेट' गडद हिरवट करडा. गंमत म्हणजे हाच करडा पिवळसर वाळूच्या रंगाशेजारी ठेवला की डोळ्याला किंचित निळसर भासतो. तुझ्याकडच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या चमच्यावर दोन्ही रंग शेजारी शेजारी लावून बघ, लगेच पटेल. म्हणजे गाडी करड्यानंच रंगवायची, हवा तो निळेपणा आपोआप दिसतो. त्यासाठी निळ्याची डबी उघडावी लागत नाही.

पुष्कळ चांगले कारागीर अजूनही म्हणतात, "निळा छान दिसतो, बक्षीसही मिळतं." मिळू दे. मला विचारशील तर ब्रिटिश गाड्यांचा छंद हा नव्वद टक्के याच भांडणाचा छंद आहे. जर्मन गाड्या करणाऱ्यांना आकाराची भूल असते. ब्रिटिश गाड्या दिसायला बहुतेक बेढब; मटिल्डा तर पदर खोचून उभ्या राहिलेल्या एखाद्या खमक्या आजीसारखी दिसते. त्यामुळे रूपावर भागत नाही. कोणती गाडी, कोणत्या साली, कुठे होती, हे आधी ठरवावं लागतं, आणि ते ठरलं की रंग, खुणा, लादलेलं सामान, धूळ, सगळं त्यामागून येतं.

आता कामाचं. मी जन्मभर पिंपरीच्या टूलरूममध्ये प्लास्टिकचे साचे केले, त्यामुळे खोकं उघडलं की माझी नजर आधी साच्यावर जाते. साच्याचे दोन अर्धे जिथे मिळतात तिथे भागावर एक बारीक धार उमटते, तिला आम्ही पार्टिंग लाइन म्हणतो. तोफेच्या नळीवर आणि चाकांच्या कडेला ती हमखास असते. पात्याची धार उभी धरून खरवडून काढ, मग बारीक पॉलिश पेपर. वस्तू साच्यातून ढकलून बाहेर काढणाऱ्या पिनांचे गोल वळही आतल्या बाजूला दिसतील. बाहेरून न दिसणाऱ्यांच्या नादी लागू नकोस. भाग फ्रेमपासून हातानं पिळून तोडायचे नाहीत. कटरनं भागापासून थोडं लांब कापायचं आणि उरलेलं टोक पातीनं तासायचं.

मटिल्डात एक सोय आहे. तिच्या बाजूंना चिलखताचे पडदे आहेत, त्यांच्या आड जवळजवळ सगळी लहान चाकं झाकली जातात. पडद्यात चिखल गळून पडायला तिरक्या घसरगुंड्या केलेल्या आहेत, त्यांच्यातून थोडं काही दिसतं तेवढंच. तेव्हा आतली चाकं जीव तोडून रंगवत बसू नकोस. तो वेळ बुरुजाला दे. खऱ्या गाडीचा बुरूज आणि नाकाडाचा भाग ओतीव पोलादाचा; त्याचा पृष्ठभाग घडीव पत्र्यासारखा गुळगुळीत नसतो, त्याला दाणा असतो. पातळ पुट्टी लावायची आणि ओली असतानाच जुन्या टूथब्रशनं ठोकायची. वाळल्यावर हलका पॉलिश पेपर फिरवलास की ओतकाम दिसू लागेल. हे चिलखत सगळ्यात जाड ठिकाणी ७८ मिलिमीटर होतं, आपल्या मापात सव्वादोन मिलिमीटरच्या आतबाहेर. त्याच्याच जोरावर १९४० साली इटालियन तोफांना ही गाडी दाद देत नव्हती. वेगाचं विचारू नकोस. बसला शोभतील अशी दोन डिझेल इंजिनं आणि सपाट रस्त्यावर ताशी पंचवीस किलोमीटरची चाल.

रंगाची चाल अशी ठेव. आधी प्रायमर, मग सगळ्या गाडीवर वाळूचा रंग, पातळ थरांत. टेपच्या रिळाची मूळ कड कधीच स्वच्छ नसते, म्हणून टेप आधी काचेवर चिकटवून पट्टीनं ताजी कड कापून घे. गाडीवर लावल्यावर तिच्या कडेवरून पुन्हा एकदा वाळूचाच रंग मार. जे काही आत झिरपायचं ते त्याच रंगाचं झिरपतं आणि पुढचा करडा धारदार बसतो. टेप काढताना सरळ वर ओढू नकोस, दुमडून मागे ने. आणि एवढ्याशा गाडीवर मूळ रंग असावा त्याहून गडद वाटतो, म्हणून प्रत्येक रंगात थोडा फिका मिसळ. किती मिसळावा यावर मोठमोठे वाद झडलेत. तू डोळ्यांनी ठरव. इथे आम्हाला या दिवसांत चकचकीत वार्निश मारायची सोय नाही, हवेतल्या दमटपणानं ते पांढुरकं पडतं. तुझ्या गॅरेजातही दमट असेल तर हीटर लावून खोली कोरडी कर, मगच मार.

मग येतो तो मोह, गंजाचा. आजकाल प्रत्येक मॉडेल भंगारात काढल्यासारखं दिसतं, सगळीकडून नारिंगी ओघळ. अगं, त्या गाड्या कोरड्या वाळवंटात होत्या आणि चालू होत्या! त्यांना धूळ होती, तेलाचे डाग होते, दारांच्या कडांवर घासून रंग गेलेला होता. धूळ मात्र भरपूर घाल, आणि खालून वर जाताना ती कमी कमी होत जाऊ दे.

मागच्या बाजूला सामान लावणार असशील तर जेरीकॅन लावू नकोस. जेरीकॅन मूळचे जर्मनांचे, आणि १९४० साली ब्रिटिशांच्या गाड्यांवर ते शोभत नाहीत. तेव्हा पेट्रोल यायचं ते चार गॅलनच्या पातळ पत्र्याच्या डब्यांतून. सैनिक त्यांना 'फ्लिम्झी' म्हणत. हे डबे इतके गळके की वाटेत कितीतरी पेट्रोल वाया जायचं. रिकामा डबा अर्धा कापायचा, त्यात वाळू भरायची, वर पेट्रोल ओतून पेटवायचं आणि त्यावर चहाचं आधण ठेवायचं, ही वाळवंटातल्या प्रत्येक टोळीची रीत होती. हे डबे तू घरी करू शकतेस: गोळ्यांच्या पाकिटाची चांदी घे, चौकोनी ठोकळ्यावर दाबून घडी घाल, कडा नखानं चेमट. एकदोन चेपलेले ठेव. चहाचं वेड इतकं की युद्धानंतरच्या सेंच्युरियन रणगाड्यात पाणी उकळायचं विजेचं भांडं आतच बसवून दिलं. चहासाठी बाहेर पडायला नको.

आता कोणती मटिल्डा ते सुचवतो. ९ डिसेंबर १९४० रोजी निबेवाच्या इटालियन छावणीवर सातव्या रॉयल टँक रेजिमेंटच्या मटिल्डा चालून गेल्या, आणि त्यांच्यामागून गेलं ते चौथ्या भारतीय डिव्हिजनचं पायदळ. पुढे मार्च १९४१ मध्ये एरिट्रियात केरनच्या डोंगरांत चौथ्या रेजिमेंटच्या मटिल्डा होत्या आणि तिथेच आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन लढत होती. निबेवाची गाडी कर. तिच्यासाठी कॉन्टरची तीन रंगांची योजना सरळ बसते आणि शेजारी उभ्या करायच्या माणसांत आपला एक शिपाई दाखवता येतो. फेटा की हेल्मेट, हे मात्र आधी फोटो बघून ठरव, चित्रावर विसंबू नकोस.

पुढच्या गाड्यांच्या रंगांबद्दलही तुला थोडं सांगून ठेवतो, कारण तू थांबणार नाहीस हे मला दिसतंय. युद्धातल्या ब्रिटिश गाड्या सरसकट हिरव्या असा समज आहे. १९४२ पासून मायभूमीतल्या गाड्यांना तपकिरी रंग देऊ लागले, कारण हिरव्याला लागणाऱ्या क्रोमियम ऑक्साइडची टंचाई पडली. १९४४ च्या एप्रिलमध्ये ऑलिव्ह ड्रॅब आला, तोही अमेरिकेहून येणाऱ्या गाड्या पुन्हा रंगवाव्या लागू नयेत म्हणून. म्हणजे नॉर्मंडीत उतरलेली एखादी चर्चिल तपकिरी असेल की हिरवी, हे ती कधी कारखान्यातून निघाली आणि कधी रंगवली गेली यावर आहे. युद्धानंतर ऐंशीच्या दशकात पश्चिम बर्लिनमधल्या चीफ्टन रणगाड्यांवर पांढरे, करडे, तपकिरी चौकोन आले, शहरातल्या भिंतींसारखे दिसावेत म्हणून. आणि एसएएस या ब्रिटिश कमांडो दलाच्या लांब लँड रोव्हर गुलाबी होत्या, खरोखर गुलाबी. पहाटे आणि संध्याकाळी वाळवंटात तोच रंग विरून जातो. त्या लँड रोव्हरचं तामियाचं किट जुनं आहे, पण मिळालं तर सोडू नकोस. टेपही लागत नाही त्याला.

इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियमला जाणार आहेस म्हणालीस. जरूर जा. तिथे पहिल्या महायुद्धानंतर उरलेल्या गाड्या राखून ठेवाव्यात ही कल्पना १९२३ साली भेटीला आलेल्या किपलिंगनं मांडली, असं संग्रहालयच सांगतं. मुंबईत जन्मलेला म्हणून आपलाही थोडा हक्क. पण गाडी बघताना आकार बघ, रिव्हेटी बघ, वेल्डिंगचे टाके बघ, पडद्याच्या घसरगुंड्या बघ. रंग बघू नकोस. संग्रहालयातला रंग हा संग्रहालयाचा असतो. नगरच्या टँक म्युझियममध्येही मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, सेंच्युरियन सगळ्या आहेत. उन्हापावसात उभ्या असलेल्या गाड्यांना वेळोवेळी हात मारावाच लागतो. तो रंग उतरवून घेऊन कुणी १९४० चं मॉडेल करू नये.

नगरला जतन केलेली एक सेंच्युरियन मात्र तुझ्यासाठी पुढची ठरवून ठेवली आहे: 'फामागुस्ता'. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत जिच्यातून लढले आणि जिच्यातच गेले, ती. रेजिमेंट पूना हॉर्स. वय एकवीस. त्यांना परमवीर चक्र मिळालं. गाडी ब्रिटिश, रोल्स-रॉइसचं मीटिऑर इंजिन असलेली, आणि आपली. या गाडीचं किट तैवानच्या एएफव्ही क्लबचं घे, मात्र खोक्यातल्या खुणा इतर सैन्यांच्या असतात, भारतीय खुणा हातानं काढाव्या लागतील. त्या कशा होत्या हे आजच्या गाडीवरून नव्हे, १९७१ च्या फोटोंवरून ठरवायचं. दिवाळीच्या सुट्टीत आलीस तर दोघं नगरला जाऊ. मी कॅलिपर आणि वही घेईन, तू कॅमेरा घे. मापं घ्यायची परवानगी मागून ठेवतो.

तोपर्यंत मटिल्डाचे भाग कापायला घेऊ नकोस. आधी तुझ्या वहीत तीन ओळी लिही: कोणती रेजिमेंट, कोणती जागा, कोणता महिना. त्या लिहून मला पाठव, मग कटर हातात घे.

तुझा,
मामा