गरज आणि गचके

एखादी सोय एकदां अंगवळणी पडली म्हणजे ती गरजच आहे असें सिद्ध करण्यास मनुष्याला फार वेळ लागत नाहीं. सोय कोठें संपते आणि गरज कोठें सुरू होते हें दाखविणारें माप सहसा कोणाच्या हातीं नसतें. म्हणून असले वाद घरोघर चालतात आणि कधींच मिटत नाहींत. डोंगरांत चालविण्याच्या सायकलींविषयीं, म्हणजे ज्यांना माउंटन बाइक म्हणतात त्यांविषयीं, असाच एक वाद आहे. हल्लीं या सायकलींना पुढें आणि मागें इतकें सस्पेन्शन बसवितात, कीं तें खरोखर लागतें काय, असा प्रश्न जुने स्वार विचारतात. नवे स्वार हंसून पुढें निघून जातात. या वादापुरतें तरी माप उपलब्ध आहे असें आम्हांस वाटतें.

आधीं थोडा इतिहास पाहूं. कॅलिफोर्नियांतील मरिन परगण्यांत, टॅमलपाइस पर्वताच्या परिसरांत, कांहीं तरुणांनीं १९७६ सालीं उतारावरून शर्यती सुरू केल्या. त्यांच्या सायकली म्हणजे तीस-चाळीस वर्षांपूर्वीचीं जाड टायरचीं जुनीं धुडें. उलटें पायडल मारून लागणारा ब्रेक उतारावर इतका तापे, कीं हबमधील ग्रीज जळून जाई आणि तें पुन्हा भरावें लागे. त्यावरून त्या वाटेलाच 'रीपॅक' हें नांव पडलें. सुमारें दोन मैलांत तेराशें फुटांचा हा उतार गॅरी फिशर यानें ४ मिनिटें २२ सेकंदांत उतरून दाखविला. आजच्या अर्थाचें सस्पेन्शन त्या वेळीं नव्हतेंच. स्वाराचे गुडघे आणि कोपरें हेंच काय तें सस्पेन्शन. पुढें १९८९ सालीं रॉकशॉक्स ही कंपनी निघाली. तिच्या पहिल्या चिमट्यांत चाकाला वरखालीं होण्यास अवघा दोन इंचांचा पल्ला होता. १९९० सालीं ड्युरँगो येथें भरलेल्या पहिल्या जागतिक स्पर्धेंत उताराची शर्यत ग्रेग हर्बोल्ड यानें या कंपनीचा चिमटा लावून जिंकली, आणि तेव्हांपासून हा पल्ला वाढतच गेला. आज हौशी स्वाराच्या सायकलीला १३० ते १५० मिलिमीटर, त्याहून धाडसी स्वाराच्या सायकलीला १६० ते १८०, आणि निव्वळ उताराच्या शर्यतीसाठीं २०० मिलिमीटर पल्ला असतो.

जुन्यांनीं नाक मुरडण्यापूर्वीं हें ध्यानांत घ्यावें, कीं १८८८ सालीं डनलॉप यानें बेलफास्ट येथें हवेच्या टायरचें पेटंट घेतलें, तेव्हांपासून सायकलीवरचा प्रत्येक स्वार गादीवरच बसलेला आहे. शिवाय सस्पेन्शन हें केवळ आरामासाठीं असतें, ही समजूतहि खरी नव्हे. त्याचें मुख्य काम चाक जमिनीला चिकटवून ठेवण्याचें आहे. दगडावरून उडालेलें चाक हवेंत असतांना ब्रेकहि लागत नाहीं आणि वळतांहि येत नाहीं. चांगल्या चिमट्यांत स्प्रिंग किंवा कोंडलेली हवा गचका झेलते, आणि बारीक छिद्रांतून वाहणारें तेल त्या स्प्रिंगेची उसळी आवरतें. स्वार नुसता बसला तरी पल्ल्याचा पांचवा ते तिसरा हिस्सा दबलेला असावा लागतो, म्हणजे पुढें खळगा आला असतां चाक खालीं उतरून जमीन गांठूं शकतें. आमच्या पुण्यांत डांबरी रस्त्यानें कॉलेजला येणाऱ्या पुष्कळ स्वस्त सायकलींनाहि स्प्रिंगांचे चिमटे असतात. त्यांतील बहुतेकांत उसळी आवरण्याची सोय नसते. त्यामुळें सायकलीचें वजन वाढतें, आणि चढावर उभें राहून पायडल मारणाऱ्या मुलाच्या श्रमाचा कांहीं अंश ती स्प्रिंगच खाऊन टाकते. हिला गरज म्हणणें कठीण आहे.

परंतु खऱ्या डोंगरांतील खऱ्या सायकलीचें काय? ऑलिंपिकमधील माउंटन बाइकची शर्यत घ्या. मोठमोठ्या शिळा आणि कडेलोटासारखे उतार असलेले ते मार्ग जगांतील उत्तम स्वार साधारणपणें १०० ते १२० मिलिमीटरांत निभावून नेतात. आणि सुटीच्या दिवशीं तासभर फिरणारा गृहस्थ १५० मिलिमीटरांवर बसलेला दिसतो.

असेच एक गृहस्थ आमच्या नात्यांत आहेत. आमची पुतणी मरिन परगण्यांतच राहते. तिचे यजमान दर रविवारीं टॅमलपाइसच्या पाणलोट क्षेत्रांतील रुंद मातीच्या रस्त्यांवर सायकल चालवितात. तेथें सायकलींना ताशीं १५ मैलांची मर्यादा आहे. त्यांच्या चिमट्याच्या चकचकीत नळीवर एक बारीक रबरी कडें आहे. निघण्यापूर्वीं तें खालीं सारून ठेवावें. परत आल्यावर चिमटा जास्तींत जास्त किती दबला, तें त्यावरून कळतें. एका रविवारीं आम्ही पट्टी घेऊन मोजलें, तों दीडशांपैकीं नव्वद मिलिमीटर भरले. हवेचा दाब त्यांच्या वजनाप्रमाणें बरोबर होता.

आम्ही तो आंकडा दाखवितांच जांवई म्हणाले, "काका, रोज नव्वदच लागतात हें खरें. पण ज्या दिवशीं माझा अंदाज चुकेल, त्या दिवशीं उरलेले साठ लागतील."

हें उत्तर हंसण्यावारी नेण्याजोगें नाहीं. उत्तम स्वार वाट वाचतो, दगड चुकवितो, आणि गुडघ्यांनीं निम्मा गचका झेलतो. म्हणून त्याला कमी पल्ला पुरतो. सामान्य स्वाराची चूक ती सायकल सांभाळून घेते. चाळिशी उलटलेल्या, एकदां खांद्याचें हाड मोडून घेतलेल्या, सोमवारीं कामावर जाणें भाग असलेल्या मनुष्यानें ही शिल्लक बाळगली, तर तिला चैन म्हणण्यास आमची जीभ रेटत नाहीं. अडचण एवढीच, कीं शिल्लक असली कीं ती खर्चावीशी वाटते. गचके लागत नाहींसे झाले म्हणजे वेग वाढतो, आणि वेग वाढला म्हणजे पहिल्याइतकेच गचके पुन्हा लागूं लागतात.

खरा प्रश्न निघाला तो त्यांच्या बारा वर्षांच्या मुलाच्या सायकलीवरून. बापाला वाटे, आपल्यासारखीच दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली घ्यावी; आई म्हणाली, "काका, तुम्हीच सांगा." आम्ही हिशेब मांडला. पंधरा किलोंची सायकल ही पंचाहत्तर किलोंच्या मनुष्याला त्याच्या वजनाचा पांचवा हिस्सा होते. छत्तीस किलोंच्या मुलाला ती चाळीस टक्क्यांहून जड पडते. शिवाय बापाच्या चुका सायकलीनें झांकाव्या हें ठीक. मुलाच्या चुका त्याला कळल्या पाहिजेत, आणि मागच्या चाकाचा गचका त्या तत्काळ कळवितो. मात्र अगदीं ताठ सायकल देऊन त्याचीं मनगटें दुखविण्यांतहि पुरुषार्थ नाहीं. तेव्हां पुढें १०० मिलिमीटर, मागें कांहीं नाहीं, टायर रुंद आणि त्यांत हवा बेताची, असा आमचा कौल पडला. बापानें तो मानला. मुलानें मात्र तो नाखुषीनेंच स्वीकारला.

आतां दर रविवारीं तो स्वतःच कडें मोजतो आणि आंकडा आम्हांस कळवितो. पहिल्या आठवड्यांत ५५ होते, परवां ८२ झाले. शंभर भरल्यावर मागचें सस्पेन्शन मिळेल काय, असें त्यानें विचारलें आहे. शंभर भरूं देत, मग तूंच ठरीव, असें आम्ही त्यास कळविलें आहे.