फास्ट आणि स्लो

मुंबईच्या लोकलमार्गावर जोगेश्वरीला फास्ट गाडी सहसा थांबत नाही. त्यामुळे फास्ट आणि स्लो हे शब्द इथल्या मुलांच्या कानावर इंग्रजीचं पुस्तक हाती येण्याच्या कितीतरी आधी पडतात. मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजी शिकवताना माझं मत पक्कं होत गेलं आहे, की या शब्दांपाशी मुलं चुकतात ती अज्ञानामुळे नाही. हे शब्द त्यांना येत असतात, पण मराठी शब्द म्हणून. ती मराठी आधी उलगडून दाखवली, तर पुढचं इंग्रजी सोपं होतं.

फलाटावर फास्ट म्हणजे मधली स्टेशनं सोडणारी गाडी. विरार फास्ट बोरिवलीच्या पुढे सहसा प्रत्येक स्टेशन घेते, तरी ती फास्टच. ‘फास्ट गेली, आता स्लोने जाऊ’ या वाक्यात विशेषणांची नामं झाली, त्यांना गाडीचं स्त्रीलिंग मिळालं आणि ‘ने’ हा प्रत्ययही लागला. घरात ‘पंखा फास्ट कर’, ‘गॅस स्लो कर’ म्हणताना दोन्ही शब्द ‘करणे’ या क्रियापदाला सारखेच जुळतात. ‘टीव्ही स्लो कर’ म्हणजे तर आवाज कमी कर. इंग्रजी स्लोला हा अर्थ नाही. मराठीत हळू चालतात तसंच हळू बोलतातही. ‘हळू’चा तो अर्थ स्लोने उचललेला दिसतो.

मराठीत अशी जुळ्यासारखी वागणारी ही जोडी इंग्रजीत मात्र विषम आहे. स्लोचं क्रियाविशेषण स्लोली. फास्टचं फास्टच, प्रमाण इंग्रजीत ‘फास्टली’ नाही. वेग कमी करणे या अर्थी स्लो क्रियापद होतं. फास्ट क्रियापद झालं की अर्थ होतो उपवास करणे. स्लोनेस म्हणजे संथपणा, पण फास्टनेस म्हणजे कापडाच्या रंगाचा पक्केपणा. या विषमतेला कारण आहे. फास्टचा जुना अर्थ घट्ट, पक्का. नेम घट्ट धरण्यातून उपवासाचा अर्थ निघाला. घट्टवरून जोरकस आणि जोरकसवरून वेगवान असा दुसरा प्रवास झाला. ही वाट मराठीला परकी नाही. ‘जोरात पळ’ म्हणताना शब्द ताकदीचा असतो आणि अर्थ वेगाचा.

कुणी म्हणेल, रेल्वेच्या घोषणेत जलद आणि धिमी हे शब्द असताना ही भेसळ कशाला गोंजारायची? हे दोन्ही शब्द चांगले आहेत, ते वापरावेतच. पण ‘स्लोने’ म्हणणारं मूल मराठीचा नियम मोडत नाही, पाळतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: परीक्षेला बसणाऱ्या मुलाला ‘फास्टला एल-वाय लावू नये’ एवढं सांगितलं की पुरे. पण स्लोवरून स्लोली, म्हणून फास्टवरून फास्टली, हे त्या मुलाने केलेलं अनुमान आहे, आणि ते तर्काला धरून आहे. नुसत्या मनाईने ते अनुमान पुसलं जात नाही. ते इथेच का लागू पडत नाही, हे समजावं लागतं. शिवाय फास्टनेस आणि उपवास यांचं उत्तर त्या एका नियमात नाहीच. म्हणून फळ्यावर दोन रकाने आखावेत, एकात मुलांच्या तोंडची मराठी वाक्यं आणि दुसऱ्यात इंग्रजी. त्यांची तुलना करणारं मूल एका तासात दोन भाषांचं व्याकरण शिकतं, आणि आपली बोली ही ज्ञानाची सामग्री आहे हेही त्याला कळतं.