मुळं किती खोल जातात?

सातारा म्हटलं की ऑफिसातल्या मित्रांना महाबळेश्वर आठवतं. तिथे वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आमचं गाव त्याच जिल्ह्यात, पण माण तालुक्यात. इथे ५०० पडला तर वर्ष बरं गेलं म्हणायचं.

आईचं माहेर सांगलीतल्या तासगाव तालुक्यात. तिकडे मामांची द्राक्षबाग, इकडे आमचा तीन एकर शाळू. यंदा आप्पांनी मनावर घेतलं, दोन एकरांत बाग लावायची. कर्ज माझ्या पगारावर निघणार. मी पुण्यात कोड लिहितो, शेतीत माझं मत कोणी विचारत नाही. पण सही माझी लागणार होती, म्हणून वाचायला बसलो.

आमचा शाळू म्हणजे मालदांडी ३५-१. सोलापूरकडच्या मोहोळला स्थानिक वाणांतून निवडलेला. पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, काढणी फेब्रुवारीच्या आसपास. मध्ये पाऊस जवळजवळ नाहीच. चार महिने पीक काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर जगतं. कणसात दाणा भरायच्या वेळी वरची माती भेगाळलेली असते, ओल खाली गेलेली असते. त्या वेळी मूळ कुठवर पोचलंय यावर सगळं ठरतं.

ऑस्ट्रेलियात ज्वारीच्या मुळांचा कोन मोजलाय. उभ्या कोनात निघालेली मुळं खोल जातात, आडवी निघालेली दोन ओळींमधली जागा धुंडाळतात. जपानी संशोधकांनी २०१३ साली भातात मुळांचा कोन बदलणारा एक जनुक दाखवला. उथळ मुळांच्या वाणात तो घातल्यावर मुळं खोल गेली आणि दुष्काळातही दाणे भरले.

मला सगळ्यात आवडली ती गव्हाची गोष्ट. १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियात मुद्दाम बारीक नळ्यांच्या मुळांचा गहू निवडला गेला. फ्लुइड मेकॅनिक्स शिकलेल्यांना आठवेल, नळीची त्रिज्या निम्मी केली की प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. म्हणजे या गव्हाला सुरुवातीला भराभर पाणी पिताच येत नाही. ते जमिनीत राहतं आणि शेवटी दाण्याला मिळतं. कोरड्या ठिकाणी त्याचं उत्पन्न जास्त आलं. आजी महिन्याचं राशन पहिल्या आठवड्यात उडवू द्यायची नाही, तसंच हे.

द्राक्षाची तऱ्हा वेगळी. मामांच्या बागेत वर थॉमसनच्या कुळातली वेल, खाली डॉगरीज. ही मूळची अमेरिकेतल्या टेक्सासकडची जंगली वेल. पाण्याचा ताण आणि खारट पाणी सोसते, म्हणून महाराष्ट्रात आधी तिचा खुंट लावतात आणि मग त्यावर कलम करतात. मुळं एकीची, घड दुसरीचे. आप्पांचा सगळा भरवसा या खुंटावर होता.

मामांना फोन केला. ते म्हणाले, "काडी जंगली असली तरी तहान लागतीच की रं. एप्रिलात खरड छाटणी झाली की फुटव्याला पाणी लागतंय. तवा तुमच्या विहिरीत काय असतंय ते बघ." त्यांनी स्वतः टँकरनं बाग जगवलेली आहे.

मूळ पाणी शोधतं, तयार करत नाही. आणि खोल मूळ फुकट येत नाही. पानांनी बनवलेली साखर खर्चून झाड ते वाढवतं. खाली ओल असेल तर खर्च वसूल, खाली मुरूम असेल तर वाया.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत रानात दोन खड्डे घेतले. वरच्या तुकड्यात दीड फुटावर मुरूम लागला. खालच्या दोन एकरांत कमरेइतक्या खोलीवरही माती काळी, हाताला गार लागणारी. तिथे शाळूची पांढरी मुळं दिसत होती. आप्पा खड्ड्यात उतरून बराच वेळ बघत राहिले. आणि बाग तिथेच लावायचं चाललं होतं!

खालचं रान शाळूलाच ठेवायचं ठरलंय. त्याची भाकरी होते, कडबा जनावरांना जातो, आणि त्याला एप्रिलात पाणी लागत नाही. वरच्या एक एकरात बाग होईल, पण आत्ता नाही. येत्या एप्रिल-मे महिन्यांत दर आठवड्याला विहिरीत दोर सोडून पाणी मोजायचं, वही आप्पांनी ठेवायची. आकडे पुरेसे आले तर मी सही करेन. आप्पांना हे फारसं पटलेलं नाही. वही मात्र त्यांनी आणली आहे.