महासंगणक पुण्यात, पडदा आमच्या ओसरीवर



'भारताचा पहिला महासंगणक कोणता?' – 'परम ८०००'. 'तो कोणाच्या नेतृत्वाखाली तयार झाला?' – 'डॉ. विजय भटकर'. सामान्यज्ञानाच्या वहीत ही दोन उत्तरं असतातच आणि आपणही ती मुलांकडून घोकून घेतो. पण तुम्हाला एखाद्या मुलाने विचारलं की, 'त्याच्यासमोर बसतं कोण? त्याचा माउस कुठे असतो?' तर काय सांगाल? माझ्या चौथीच्या वर्गात हाच प्रश्न आला. माझं शिक्षण डी.एड., संगणकाचं म्हणाल तर एमएस-सीआयटी. तरी उत्तर देता आलं, कारण ते उत्तर चार महिने आमच्या घरीच राहत होतं.

माझी धाकटी बहीण पुण्यात हवामानशास्त्रात पीएच.डी. करते. पावसाळी ढग कसे वाढतात याचं गणित महासंगणकावर मांडणं हे तिचं काम. पहिल्या बाळंतपणासाठी ती माहेरी आली तेव्हा शेजारच्या काकू सरळच म्हणाल्या, "झालं आता शिक्षण, बाळ सांभाळ." तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडे कितीतरी मुलींची पुस्तकं अशीच माळ्यावर जातात. बहिणीनं काही वाद घातला नाही. बाळ दीड महिन्याचं झाल्यावर तिनं जुना लॅपटॉप काढला. बिजागरी मोडलेली, चार जीबी रॅम, इंटरनेट म्हणजे माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट, तोही ओसरीच्या डाव्या कोपऱ्यातच चालतो. आणि तिथं बसून ती महासंगणक चालवायला लागली. आई सगळ्यांना सांगायची, "पोरगी बाळाला मांडीवर घेऊन ढग बघत बसते."

हे कसं होतं ते समजून घेऊ. महासंगणक म्हणजे एकच मोठा संगणक नव्हे. थंड ठेवलेल्या खोलीत कपाटांच्या रांगा, त्या कपाटांत शेकडो संगणक आणि ते एकमेकांना अतिवेगवान तारांनी जोडलेले. पुण्याच्या आयसर संस्थेतल्या 'परम ब्रह्म'ची क्षमता सुरुवातीला ७९७ टेराफ्लॉप्स होती, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ७९७ लाख कोटी गणिती क्रिया. पण त्या कपाटांपुढं माउस घेऊन कोणी बसत नाही. संशोधक पुण्यात असो की परगावी, काम दुरूनच करतो. आधी 'लॉगिन नोड' नावाच्या दारातल्या संगणकावर जायचं, तिथं आपलं काम नोंदवायचं आणि नंबर लागायची वाट बघायची. अगदी सरकारी दवाखान्यातल्या केसपेपरसारखं. दारातच मोठी आकडेमोड सुरू केली तर सगळ्यांची वाट अडते, म्हणून तिथं तसं करायला मनाई असते.

हे नोंदवणं नुसत्या अक्षरांच्या काळ्या खिडकीतून होतं, त्याला इंटरनेट फारसं लागत नाही. खरी अडचण पुढं येते. गणित संपलं की ढगांची माहिती तयार होते, आणि ती चित्ररूपात, फिरवून, कापून बघावी लागते. समजा फाईल २०० जीबीची आहे. सेकंदाला १० मेगाबिट वेगानं ती घरी उतरवायला साधारण ४४ तास लागतील, तेही रेंज एकदाही न जाता. (आमच्याकडे चौवेचाळीस मिनिटं सलग मिळाली तरी पेढे वाटू.) शिवाय चार जीबीच्या लॅपटॉपला ती उघडणार कशी?

म्हणून रिमोट डेस्कटॉप. फाईल हलवायचीच नाही. चित्र तिकडेच, महासंगणकाच्या ताकदीवर काढायचं आणि त्या चित्राचा फक्त पडदा इकडे पाठवायचा. आपण माउस हलवला की ती हालचाल तिकडे जाते, पडद्यावर जे बदललं ते इकडे येतं. थोडं गणित करू, वर्गातही घेता येईल. साध्या लॅपटॉपचा पडदा १३६६ × ७६८ ठिपक्यांचा, म्हणजे १०,४९,०८८ ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला ३ बाइट धरले तर एका चित्राला सुमारे ३१ लाख बाइट. सेकंदाला २५ चित्रं पाठवायची तर मोबाईलचं इंटरनेट गुदमरेल. म्हणून पूर्ण पडदा दर वेळी पाठवत नाहीत. जेवढा भाग बदलला तेवढाच, तोही दाबून लहान करून येतो.

ही युक्ती नवी नाही. १९८४ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये 'एक्स विंडो' ही पद्धत सुरू झाली. तिच्यात चित्राऐवजी चित्र काढण्याच्या सूचना येतात. जवळच्या जवळ ती छान चालते. लांबून मात्र सूचनांच्या येरझाऱ्या इतक्या होतात की काम रखडतं, आणि जोडणी तुटली की सहसा तिकडचा प्रोग्रामही बंद पडतो. १९९० च्या दशकात इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या एका प्रयोगशाळेत 'व्हीएनसी' तयार झालं. त्यात पडदा तिकडेच जिवंत राहतो, आपण फक्त खिडकीतून डोकावतो. माझ्या मते बहिणीला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो याचाच. बाळ रडलं, लॅपटॉप मिटला. रेंज गेली, मिटला. दुपारी लाईट गेली तरी तेच. तासाभरानं परत जोडलं की ढग होता तिथंच, अर्धा कापलेला. एकदा बाळाला ताप होता म्हणून दोन दिवस लॅपटॉप उघडलाच नाही. त्या दोन दिवसांत तिकडे रांगेत लावलेलं एक काम पूर्ण होऊन बसलं होतं.

आता एक गोष्ट पालकसभेत जरूर सांगा. "बँकेतून बोलतोय, हे ॲप टाका आणि नंबर सांगा" म्हणणारे ठग हेच तंत्र वापरतात, फक्त उलट्या दिशेनं. बहीण परवानगी घेऊन दुसऱ्या यंत्राचा पडदा बघते. ठगाला आपला पडदा बघायचा असतो. महासंगणकाशी जोडतानाही सगळी देवाणघेवाण सांकेतिक रूपात, 'एसएसएच' नावाच्या बोगद्यातून होते. हे एसएसएच १९९५ साली फिनलंडच्या टाटू युलोनेन यांनी लिहिलं, त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरण्याचा प्रकार घडल्यानंतर.

वर्गात हे सगळं समजावण्यासाठी मी एक खेळ घेतला. फळ्यावर दहा बाय दहा चौकोनांची जाळी, तशीच जाळी व्हरांड्यात बसलेल्या मुलीच्या वहीत. वर्गातली मुलं फळ्यावर चित्र काढणार आणि निरोप्या फक्त बदललेले चौकोन सांगणार: "तिसरी ओळ, पाचवा, काळा." आधी मुद्दाम शंभरही चौकोन सांगायला लावले, तर निरोप्या दोन फेऱ्यांत दमला. मग बदललेलेच सांगितले आणि व्हरांड्यातल्या वहीत झोपडी उभी राहिली. निरोप्याला मध्येच अडवलं, तरी फळ्यावरची झोपडी पुढं रंगतच होती, हे मुलांच्या आपोआप लक्षात आलं.

मग शेवटच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, इथली लाईट गेली तर चालतं, पण तिथली गेली तर?" हे मात्र मी घरी बहिणीला फोन करून विचारलं आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं. तिथं यूपीएस आणि जनरेटर असतात. शिवाय तिचा प्रोग्राम मोठं गणित चालू असताना ठरावीक वेळानं 'इथपर्यंत झालं' अशी नोंद करून ठेवतो. यंत्र बंद पडलंच, तर पहिल्यापासून नाही, त्या नोंदीपासून पुढं सुरू करायचं.

बहीण आता पुण्याला परत गेली आहे, बाळासकट. काकूंनी परवा विचारलं, "ढगांचं काय झालं गं?"